मिठावरची दुसरी धाव

ऑगस्टमध्ये माझ्या परसातले टोमॅटो पिकतात आणि शेजारचे खातात. कारण ऑगस्टमध्ये मी मिठावर असते. लग्नानंतरचे बहुतेक सगळे ऑगस्ट मी युटातल्या आटलेल्या सरोवराच्या या पांढऱ्या, सपाट, डोळे जाळणाऱ्या मिठावर काढले, जिथे माणसं गाड्यांच्या वेगाचे विक्रम करायला येतात. ट्रकच्या स्टिअरिंगमागे बसून, नवऱ्याच्या गाडीच्या ढुंगणाला बंपर लावून.

गाडी म्हणजे १९६९ सालची मर्क्युरी सायक्लोन. लांब नाकाची, दोन दारांची, उतरत्या पाठीची. ऑरिनने ती आयडाहोत एका कोंबड्यांच्या शेडमधून उचलून आणली तेव्हा मी पोटुशी होते. बाळासाठी पाळणा आणायला गेला होता आणि येताना ही घेऊन आला. आता तिच्यात मूळचं असं पत्र्याखेरीज काही राहिलेलं नाही. मागची सीट काढून तिथे लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला, काचा काढून प्लास्टिक लावलं, डिकीखाली पॅराशूट बांधलं. इंजिन तर इतक्या वेळा उघडून पुन्हा बांधलं की त्याच्यावर घेतले तेवढे कष्ट आम्ही आमच्या मुलीवरही घेतले नाहीत. पहिला गिअर एवढा लांब की स्वतःच्या जोरावर ती जागची हलूच शकत नाही, क्लच जळून जातो. म्हणून मी मागून ढकलायचं. पन्नास-साठचा वेग आला की ती एकदम गर्जते आणि मला सोडून निघून जाते. माझ्या वाट्याला तोंडावर उडालेलं मीठ.

मी थकले होते, हे सरळच सांगते. मिठाने माझे दोन ट्रक खाल्ले, ओठ दरवर्षी फाटतात, आणि 'यंदा नक्की' हे शब्द ऐकले की मला झोप येते. ऑरिन एकाहत्तरचा झालाय, मी अडुसष्टची. गेल्या थँक्सगिव्हिंगला मुलीसमोर त्याने टर्कीवर हात ठेवून शपथ घेतली होती की एकदा ताशी दोनशे मैल नावावर लागले की सायक्लोन विकायची, ट्रक विकायचा आणि पुढचा ऑगस्ट टोमॅटोंबरोबर काढायचा. त्यामुळे ते दोनशे मैल त्याच्याइतकेच मलाही हवे होते. कदाचित जास्तच.

मिठावर एकदा दोनशेने धावून भागत नाही. पहिल्या दिवशी धावायचं, चालू विक्रम मोडला तर गाडी राखीव आवारात उभी करायची, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा धावायचं. दोन्ही धावांची सरासरी काढतात, आणि ती लागते नावावर. आमच्या गाडीच्या वर्गात विक्रम होता एकशे अठ्ठ्याण्णवचा. तो वेंडेलचा. वेंडेल म्हणजे बेकर्सफिल्डचा एक मोठ्या तोंडाचा, मोठ्या पोटाचा म्हातारा. तो आता धावत नाही. खुर्ची टाकून बसतो आणि दुसऱ्यांना धावायला शिकवतो.

त्याच्याच ट्रकमध्ये त्या सपाता असतात. गुलाबी, फरच्या, बायकांच्या. आमच्या टोळक्यात ही जुनी रीत आहे. गाडीत दम असताना ज्याने भिऊन ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, त्याच्या आरशाला त्या सपाता टांगायच्या आणि आठवडाभर तशाच राहू द्यायच्या. इंजिन फुटलं तर कोणी हसत नाही. चाकं घसरली, गाडी आडवी झाली, पेटली, तर धावत येतात. पण पाय उचलला की सपाता. लेस्टर नावाचा एक भला माणूस होता, दरवर्षी आमच्या शेजारी तंबू ठोकायचा. त्याच्या आरशाला सपाता लागल्या आणि तो पुन्हा कधी मिठावर दिसला नाही. त्या टांगणारा कोण होता? माझा नवरा. वर पुन्हा लेस्टरला म्हणाला होता, "पायाचं माप सांग लेका, बसत नसतील तर बदलून आणतो." सगळे खो खो हसले. मी पण हसले होते.

तर यंदाची पहिली धाव बुधवारी दुपारी झाली. मीठ कडक होतं, वारा पडलेला. मी ढकललं, ती गेली, मी बाजूच्या रस्त्याने ट्रक हाकत निघाले. रेडिओवरचा माणूस प्रत्येक मैलाचा वेग सांगत होता. एकशे अठ्ठ्याऐंशी. एकशे शहाण्णव. आणि मोजणीच्या शेवटच्या मैलाला त्याचा आवाज चढला, "दोनशे चार!"

मी ट्रकमध्ये एकटीच किंचाळले. हॉर्न दाबून ठेवला. मला वाटलं, सुटले मी, सुटले.

पल्ल्याच्या टोकाला पोचले तर पॅराशूट मिठावर पसरलेलं आणि ऑरिन अजून आतच. पट्टे सोडलेले नाहीत, हेल्मेट काढलेलं नाही. मी खिडकीची जाळी उघडली.

"अरे, दोनशे चार! ऐकू आलं का? दोनशे चार!"

"आलं," तो म्हणाला.

"मग बाहेर ये की!"

"येतो. जरा थांब."

त्याला बाहेर यायला बराच वेळ लागला. डोळे ओले होते. मला वाटलं, आनंद. एवढ्या वर्षांनी माणूस रडणारच, असं म्हणून मी त्याच्या पाठीवर थोपटत राहिले आणि तो माझ्या खांद्याला धरून उभा राहिला, पाय मिठात रुतल्यासारखा.

संध्याकाळी राखीव आवारात मेळाच भरला. डेल्बर्टने बॉनेट उघडलं. डेल्बर्ट आमचं इंजिन बांधतो. बायको सोडून गेली तेव्हा तो जितका रडला नव्हता तितका एकदा पिस्टन फुटल्यावर रडला होता. वेंडेल स्वतः बिअरचा खोका घेऊन आला. त्याचाच विक्रम मोडायला निघालो होतो, तरी स्वतःकडचे नवे प्लग आणून डेल्बर्टच्या हातात दिले. मिठावर ही पण रीत आहे.

"उद्या एकशे सत्त्याण्णव केलंस तरी झाला तू दोनशेवाला," वेंडेल ऑरिनला म्हणाला. "झोपेत करशील तेवढं."

"आज तर झोपेतच होता," डेल्बर्ट म्हणाला. "बाहेरच पडेना. मला वाटलं आत घोरतोय."

"अरे, म्हातारपणी आधी झोप लागते आणि मग दोनशे लागतात," वेंडेल म्हणाला. "मर्ना, आज रात्री याला दूध पाजून झोपव."

"तुझं तू बघ," मी म्हणाले. "तुला तर बाटलीच लागते."

सगळे हसले. ऑरिनही हसला, पण सँडविच हातातच धरून. बीन्सची ताटली तशीच. मी म्हटलं, वय झालं, दमलाय. इतकी वर्षं एका पलंगावर झोपून मला एवढंही कळलं नाही, याचा मला नंतर फार राग आला. त्याचा नाही, माझाच.

सकाळी विक्रमाच्या गाड्या ओळीने उभ्या राहतात. हवा थंड होती, पलीकडचे डोंगर तरंगल्यासारखे दिसत होते. ऑरिन आगीपासून वाचवणाऱ्या जाड पोशाखात, हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. मी खिडकीतून वाकून त्याचे पट्टे ओढले. हे काम कायम माझंच. खांद्याचे, कमरेचे, दोन पायांमधला.

"घट्ट झाले का?"

"अजून ओढ."

"अजून ओढलं तर श्वास कसा घेशील?"

"ओढ म्हणतो ना!"

ऑरिन माझ्यावर सहसा खेकसत नाही. मी गुपचूप ओढले. झेंडा दाखवणाऱ्याने खूण केली. मी ट्रकमध्ये चढले, बंपर टेकवला, ढकललं. चाळीस, पन्नास, साठ. ती गर्जली आणि गेली. मी बाजूच्या रस्त्याला लागले आणि रेडिओ मोठा केला.

एकशे एकोणनव्वद. काल इथे एकशे अठ्ठ्याऐंशी होते. मी स्टिअरिंगवर थाप मारली. चल बाई चल, म्हटलं, एवढं कर आणि जा कोणाच्या तरी गॅरेजमध्ये सुखाने. पुढच्या मैलाला एकशे ब्याण्णव. काल शहाण्णव होते, पण चालेल, म्हटलं, हरकत नाही.

मग रेडिओवरचा माणूस थांबला. थोडा वेळ नुसती खरखर.

"एकशे एक्याऐंशी," तो म्हणाला. पडलेल्या आवाजात. त्यालाही वाईट वाटलं असावं. "एकशे एक्याऐंशी. हार्ड लक, ऑरिन."

मी ट्रक थांबवला नाही. माझ्यासमोर पुढचा ऑगस्ट उभा राहिला, त्याच्या पुढचा, आणि त्याच्याही पुढचा. देवाची शपथ, त्या क्षणी मला ऑरिनची दया आली नाही. माझीच आली.

टोकाला पोचले तेव्हा तो बाहेर आला होता. गाडीकडे पाठ करून हेल्मेट काढत होता.

"चाकं घसरली," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता. "मीठ ओलं होतं तिथं. मागची चाकं नुसतीच फिरली."

"होतं असं," मी म्हणाले.

बॅटरीचं बटण बंद करायला मी खिडकीतून आत वाकले. समोर इंजिनच्या फेऱ्यांचं घड्याळ. त्यात दोन सुया आहेत. पांढरी इंजिनबरोबर वरखाली होते. तांबडी फक्त वर ढकलली जाते आणि जिथवर गेली तिथेच थांबते, बटण दाबून खाली आणेपर्यंत. ड्रायव्हर काहीही सांगो, इंजिन जास्तीत जास्त किती फिरलं ते ती सुई सांगते. प्रत्येक धावेनंतर डेल्बर्ट आधी ती बघतो आणि मग ऑरिनला विचारतो, कसा आहेस.

काल ती सात हजार दोनशेवर होती. चाकं घसरली की इंजिनवरचं ओझं जातं आणि ते भरमसाट फिरतं. म्हणजे आज तांबडी सुई कालच्या वर पाहिजे. आज ती सहा हजार आठशेवर होती.

मी तिथेच वाकून राहिले. चाकं घसरली नव्हती. ओलं मीठही नव्हतं. माझ्या नवऱ्याने एकशे ब्याण्णवला पाय उचलला होता.

आणि मग सगळं एकदम लक्षात आलं. कालचे ओले डोळे. न खाल्लेलं सँडविच. सकाळचा 'अजून ओढ'. काल दोनशेच्या वर काहीतरी झालं होतं. त्याला आत बसून ते कळलं होतं, आणि ते माहीत असूनही आज सकाळी तो पुन्हा त्या पिंजऱ्यात जाऊन बसला होता. मला वाटत होतं, या माणसाला भीती नावाची गोष्ट देवाने दिलीच नाही. त्या समजुतीवर मी वर्षानुवर्षं त्याला ढकलत आले होते.

लांबून डेल्बर्टची व्हॅन येताना दिसली. मागे मिठाची धूळ.

मी बटण दाबलं. तांबडी सुई शून्यावर पडली.

डेल्बर्ट व्हॅनमधून उतरला तो सरळ खिडकीकडे. "काय झालं? सुई किती... अरे, सुई खाली कशी?"

"मी पुसत होते," मी म्हणाले. "बटणावर हात पडला."

"पुसत होतीस?" तो ओरडलाच. "मर्ना! आज? आजच्या दिवशी तुला पुसायचं सुचलं? आता मला कसं कळणार काय झालं ते?"

"चाकं घसरली, तो सांगतोय ना."

"तो सांगेल! मला सुईने सांगायला हवं होतं! इतकी वर्षं कधी हात लावला नाहीस, आणि आज..." तो हात झटकत गाडीच्या पलीकडे गेला आणि टायर बघत बसला.

ऑरिन वळला होता. त्याने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी सायक्लोन पुसण्याच्या भानगडीत कधी पडत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. तो गाडीत बसला, मी दोर लावला आणि त्याला ओढत परत आणलं.

तंबूपाशी वेंडेल खुर्ची टाकून बसलेलाच होता. आणखी चार-पाच जण जमले होते. "मीठ ओलं?" त्याने विचारलं. "माझ्या गुडघ्याला तर कोरडं वाटतंय. डेल्बर्ट, सुई काय म्हणते?"

"सुई काय म्हणणार! मर्नाने पुसून टाकली."

"पुसून टाकली?" वेंडेलने भुवया वर केल्या आणि हसला. त्यात वाईट हेतू नव्हता, मिठावर असंच हसतात. "बघा हं. बायको असावी तर अशी. ऑरिन, सपाता काढू का रे? मापाच्या आहेत."

सगळे हसले. ऑरिनचा चेहरा पांढरा पडला. तो हसायचा प्रयत्न करत होता आणि ते जमत नव्हतं. अजून एक क्षण गेला असता तर सगळ्यांनी ते पाहिलं असतं. मला लेस्टर आठवला, पाठ वळवून तंबूचे खुंट उपटणारा.

"काढ," मी म्हणाले. "आण इकडे त्या सपाता."

"अगं, मी गंमत..."

"मी गंमत करत नाहीये. आण."

तो उठेना, तेव्हा मी स्वतः त्याच्या ट्रककडे गेले, सीटमागून त्या घाणेरड्या गुलाबी सपाता काढल्या, आमच्या ढकलायच्या ट्रकपाशी आले आणि आरशाला टांगल्या. फरमध्ये मीठ अडकून ते दगडासारखं झालं होतं.

"पाय मी उचलतेय," मी म्हणाले. "आजपासून मी ढकलणार नाही. यंदा शेवटचं. माझी कंबर गेलीय, डोळे गेलेत आणि मला भीती वाटते. दरवर्षी वाटते. आता बस झालं."

डेल्बर्ट टायर सोडून उभा राहिला. "अगं मर्ना, तो दोनशेच्या उंबरठ्यावर आहे. काल दोनशे चार केलेत त्याने! पुढच्या वर्षी मीठ कोरडं मिळालं की..."

"पुढचं वर्ष नाही."

"बारा महिन्यांचा प्रश्न आहे. दुसरा कोणी ढकलेल. माझा भाचा ढकलेल."

"ढकलणार कोण ते महत्त्वाचं नाही. माझा नवरा यापुढे त्या गाडीत बसलेला मला नकोय. संपलं."

वेंडेलने ऑरिनकडे पाहून मान हलवली. इतकी खरी सहानुभूती मी त्याच्या तोंडावर कधी पाहिली नव्हती. "नशीब बाबा एकेकाचं," तो म्हणाला. "दोनशे चारची गाडी आणि घरी असा ब्रेक."

"काय करणार," ऑरिन म्हणाला. आवाज अगदी बारीक. "ती म्हणते तर..."

माझ्याकडे पाठ करून ते त्याला बिअर पाजत बसले. एकाने मला ऐकू जाईल असं म्हटलं की बायकांना मिठावर आणूच नये. मी तंबूचे दोर सोडत होते. मला वाईट वाटत होतं, का नाही वाटणार. मला हे संपायला हवं होतं, पण असं नाही. मला तो टोपी घालून घरी यायला हवा होता, दोनशे नावावर लागले की मिळते ती दोनशेवाल्यांची लाल टोपी, मुलीला फोन करून ओरडून सांगायला हवा होता. आणि या माणसांबरोबर मी इतके ऑगस्ट काढले होते, त्यांचे कपडे शिवले होते, जखमा धुतल्या होत्या. आता त्यांच्या गोष्टींमध्ये मी ती बायको होणार होते, जिने ऑरिनचे दोनशे खाल्ले.

दुपारी वाटेतल्या वेंडोव्हर गावात, गाड्या धुवायच्या केंद्रावर थांबलो. मीठ धुतल्याशिवाय घरी जायचं म्हणजे पत्रा गेलाच. ऑरिन ट्रेलरच्या खाली वाकून पाण्याचा फवारा मारत होता, मी ट्रकची चाकं धूत होते. अजून आम्ही दोघं त्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. शेजारच्या खणात एक बाई व्हॅन धुवायला आली होती, ओहायोची नंबरप्लेट, मागच्या सीटवर कुत्रा. प्रवासाला निघालेली.

"किती सुंदर आहे हो गाडी," ती ऑरिनला म्हणाली. "आमच्या वडिलांकडे अशीच एक होती. किती पळते ही?"

मी हातातलं काम थांबवलं. ऑरिन सरळ उभा राहिला, नळी हातात, पाणी त्याच्याच बुटांवर पडत होतं.

"दोनशे चार," तो म्हणाला.

"अरे बापरे! दोनशे चार! आणि तुम्ही चालवता?"

"गाडी दोनशे चार पळते, बाई," ऑरिन म्हणाला. "मी एकशे ब्याण्णवपर्यंतच. त्याच्या पुढे ती जमिनीवर राहत नाही, पोहते. काल मला ते कळलं. आज मी घाबरलो आणि पाय उचलला."

त्या बाईला यातलं काय कळणार. "एकशे ब्याण्णव म्हणजेही खूपच झालं की," ती म्हणाली आणि आपल्या व्हॅनकडे वळली.

ऑरिन माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या हातातली नळी घेतली आणि बंद केली. त्याचे बूट भिजून गच्च झाले होते. मी त्याला ट्रकच्या पायरीवर बसवलं, खाली बसले आणि त्याच्या बुटांचे बंद सोडायला लागले.

"मर्ना, सुई..."

"पाय वर कर," मी म्हणाले.

त्याने केला.